विहिरीत पोहणारीचं पत्रक

दादानं माझी सायकल विहिरीत टाकली तेव्हा माझ्या तोंडात रक्त होतं. थोबाडीत मारताना त्यानं बोटातली अंगठी काढली नव्हती. साहेबांचा फोटो असलेली ती जाड अंगठी माझ्या ओठावर बसली आणि ओठ दातावर फाटला. मग त्यानं सायकल खांद्यावर घेतली, विहिरीच्या काठावर गेला आणि मेलेलं जनावर लोटावं तशी ती आत लोटली. खालून आवाज यायला जरा वेळ लागला. एप्रिल होता, पाणी खोल गेलं होतं.

"मार आता सायकल," तो म्हणाला. "पुना रस्त्यावर दिसलीस तर पाय मोडीन. नुसतं बोलत न्हाई मी."

तो नुसतं बोलत नाही हे मला ठाऊक होतं. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या, म्हणजे या साहेबांच्या, गाडीत मागच्या सीटवर बसणं हा माझ्या भावाचा धंदा आहे. मागच्या सीटवरच्या माणसाचं काम काय असतं, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एका निवडणुकीत त्यानं एकाचा गुडघा फोडला होता. तो माणूस अजून आमच्या घरावरून लंगडत जातो आणि दादा दिसला की आधी तोच रामराम घालतो.

माझा गुन्हा एवढाच होता की मी ट्रॅक पँट घालून तेलगावच्या रस्त्यानं सायकल चालवत होते. पोलीस भरतीची तयारी करत होते तोवर त्याला पँट चालली. वर्दी मिळाली असती तर त्याच्याच कामाला आली असती. दोनदा भरती हुकली, तिसऱ्या भरतीची जाहिरात निघेना, तरी मी पहाटे पळायचं सोडलं नाही, तेव्हा लोक त्याला विचारायला लागले. बहीण कशासाठी पळती बे तुझी?

उत्तर माझ्याकडं होतं. मोबाइलवर मी एका शर्यतीचा व्हिडिओ पाहिला होता. आधी पावणेचार किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन एकशे ऐंशी किलोमीटर सायकल आणि सायकलवरून उतरून बेचाळीस किलोमीटर धावायचं. हे सगळं एका दिवसात. शेवटच्या पट्ट्यात एक बाई गुडघ्यांवर आली होती. तिला कुणी हात लावत नव्हतं, कारण हात लावला तर ती बाद. ती रांगत रेषेपार गेली. मी तो व्हिडिओ एका दिवसात नऊ वेळा पाहिला. जिला कुणी हात लावू शकत नाही अशी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

पण मला वाटत होतं, आपल्याला दोनच गोष्टी येतात. पोहणं मी विसरून गेले होते. लहानपणी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून आम्ही सगळी पोरं याच विहिरीत शिकलो. अकराव्या वर्षी मला पाण्याबाहेर काढलं, पोरं आतच राहिली. त्यानंतर मी विहिरीकडं फक्त पाणी काढायला गेले.

त्या सकाळी मी रक्त थुंकलं, पाणी काढायचा दोर हातात घेतला आणि कपड्यांसकट उडी मारली. दोन पुरुष खोल पाणी होतं. खाली हिरवा अंधार, पायाला गाळ, गाळात रुतलेलं हँडल. पहिल्या बुडीत सायकल सापडली, दुसरीत दोर अडकला, तिसरीत गाठ बसली. वर येऊन श्वास घेतला तर काठावर माय उभी. तिनं कमरेला पदर खोचला, एक पाय कठड्याला लावला आणि दोर ओढायला सुरुवात केली. आमची माय ऊसतोड कामगार आहे. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्या बाईला सायकल काय जड? पुढचं चाक वाकलं होतं. तिनं ते पायाखाली घेऊन सरळ केलं आणि मग माझ्या ओठाकडं पाहिलं.

"कावून उडी मारलीस? मेली असतीस म्हंजी?"

"मला पोहता येतं गं माय," मी म्हणाले. आणि रडायच्या ऐवजी मला हसू आलं. पळणं भरतीनं दिलं होतं, सायकल कॉलेजनं दिली होती, आणि राहिलेलं पोहणं दादानं परत आणून दिलं होतं.

त्याच दुपारी मी मायला शर्यत समजावली. तिनं एकच विचारलं, "किती तास?"

"सोळा-सतरा."

"मंग फडावरला एक दिस म्हण की." उसाच्या शेतात तोडणी चालते त्याला आमच्याकडं फड म्हणतात. "पहाटं कोयता हातात घ्यायचा, गाडी भरूस्तोवर ठिवायचा न्हाई. तुला एक सांगती. पयल्या तासाला ज्येचा कोयता लई जोरात चालतो ना, दुपारी त्येच्यानं मोळी उचलत न्हाई. तू सकाळी आळशावानी ऱ्हा." पुढं इंटरनेटवर मी पुष्कळ काही वाचलं. याहून शहाणं काही सापडलं नाही.

अण्णांचं मात्र वेगळं झालं. माझे वडील आयुष्यभर ऊसतोड्यांच्या संघटनेची पत्रकं लिहीत आले. दर हंगामाला आमची शाळा बुडायची. मी अक्षरं ओळखायला शिकले ती कोपीत, म्हणजे फडावरच्या पाचटाच्या झोपडीत, उरलेल्या पत्रकांवरून. 'मागणी' हा शब्द मला 'मामा'च्या आधी वाचता आला. कागदाच्या तीन घड्या घालणं हा माझा पहिला खेळ. त्यातलं एक पत्रक बाईवर हात उगारणाऱ्या मुकादमाविरुद्ध होतं. बाईच्या अंगावर पडलेला हात हा साऱ्या फडावर पडलेला हात आहे, असं अण्णांनी त्यात लिहिलं होतं. मी ते सात वर्षांची असताना पाठ केलं होतं.

फाटका ओठ घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि ते वाक्य म्हणून दाखवलं.

अण्णा खाटेवर बसून चष्मा पुसत होते. तो डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "पत्रक वेगळं असतंय बाई, घर वेगळं असतंय."

दादाच्या अंगठीनं ओठ फाटला होता. या वाक्यानं काय फाटलं ते मला अजून शिवता आलेलं नाही. ज्या कागदांवर मी वाढले ते दुसऱ्यांच्या घरांसाठी होते, एवढं त्या दिवशी कळलं.

शर्यतीचा अर्ज मी त्याच आठवड्यात भरला. पोरांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे होते माझ्याकडं. पण अर्ज मोबाइलच्या आत असतो, कुणाला दिसत नाही. न दिसणारा शब्द मोडायला सोपा असतो. म्हणून मी माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं, झेरॉक्स काढल्या आणि तेलगावच्या चौकात, चहाच्या हॉटेलांवर, एसटीच्या थांब्यावर स्वतःच्या हातानं खळ लावून चिकटवल्या. त्यात असं होतं:

"मी या गावची मुलगी. पुढच्या वर्षी मी एका दिवसात पावणेचार किलोमीटर पोहणार, एकशे ऐंशी किलोमीटर सायकल चालवणार आणि बेचाळीस किलोमीटर धावणार आहे. आजपर्यंत मी यातलं काहीच इतकं केलेलं नाही. माझ्या सख्ख्या भावानं माझे पाय मोडण्याची धमकी दिली आहे. यापुढे माझे पाय मोडलेले दिसले तर ते सायकलवरून पडून मोडलेले नाहीत, हे सर्वांनी लक्षात ठेवावं." खाली माझी पूर्ण सही.

हॉटेलात मी अजून खळ वाळायची वाट बघत होते तोवर मागं वाचन सुरू झालं.

"पावणेचार किलोमीटर पोहणार म्हणं!"

"कुठं बे? हापशाला पाणी न्हाई आपल्या."

"बेचाळीस किलोमीटर पळून कुठं जायाचंय हिला?"

"भावापासून," तिसरा म्हणाला, आणि कुणी हसलं नाही.

रस्ता लगेच बदलला. दिंद्रुडच्या वाटेवर एका बाभळीआडून दगड यायला लागले. धारूरच्या घाटात मोटारसायकलवरच्या दोघांनी जवळ येऊन माझ्या मागच्या चाकाला लाथ मारली. मी कोपरावर घसरत गेले, कातडीत खडी रुतली. ते थांबून मागं बघत हसत होते. मी उठले, सायकलचा पंप काढला आणि त्यांच्याकडं चालत गेले. पळाले नाही, चालत गेले. मागं बसलेल्याच्या मांडीवर पंप इतक्या जोरात बसला की त्याची दांडी वाकली. गाडी सुरू होईपर्यंत मी दुसरा घाव घातला. कोपरातली खडी मायनं सुईनं काढली. मी तिला सांगितलं नाही की ती वाकलेली दांडी बघून मला किती बरं वाटत होतं.

पाण्यानं मात्र माझी पुरती जिरवली. सप्टेंबरात माजलगावच्या धरणाचं पाणी फुगून लांबवर पसरलं आणि मी विहीर सोडून तिकडं जायला लागले. सोबत माय. ती टमटमनं यायची आणि काठावर उभी राहायची. पहिल्या दिवशी मी समोरच्या विजेच्या मनोऱ्याचा रोख धरून निघाले. डोकं खाली, हात चालू. बराच वेळ पोहले. आता मनोरा जवळ आला असणार म्हणून पायाखाली चाचपलं, तर गाळ लागला. मान वर केली. समोर माय उभी.

"आलीस बी?" ती म्हणाली.

दुसऱ्यांदा गेले, तेच. तिसऱ्यांदा तेच. थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून जाळं सोडणारा एक म्हातारा हे बघत होता. तो खो खो हसायला लागला.

"बाई, हिथं भिंत न्हाई! तू विहिरीत शिकलेली. विहिरीतलं माणूस गोलच जातंय."

खरं होतं ते. आम्ही सगळे विहिरीत भिंतीच्या कडेनं, डाव्या अंगानं गोल फिरत पोहायला शिकलो. भिंत संपत नाही, म्हणून वळणही संपत नाही. वीस-पंचवीस हातांनंतर माझं अंग आपोआप डावीकडं वळायचं. पावणेचार किलोमीटर मी नक्की पोहले असते, फक्त निघाले तिथंच परत आले असते.

"मान वर करून बघत जा," म्हातारा म्हणाला. पण मान वर केली की पाय बुडायचे, पाणी नाकात जायचं, मी घाबरायचे. पंधरा दिवस मी गोल फिरत राहिले. शर्यतीत पोहायला वेळेची मर्यादा असते. सरळ जाता आलं नाही तर सायकलला हात लावायच्या आधीच मी घरी.

इकडं पत्रकाचा फोटो मोबाइलवरून फिरत फिरत दिंद्रुडला पोचला होता. तिथलं एक व्यापाऱ्याचं स्थळ दादानं माझ्यासाठी साहेबांच्या ओळखीनं जमवत आणलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी नकार कळवला. साहेब चारचौघांत दादाला म्हणाले, "बहिणीचे पाय मोडणार होतास ना? मोडले का?" हे मला नंतर कळलं. गाडीत मागं बसणाऱ्याला असं विचारणं म्हणजे काय, तेही नंतर कळलं.

साहेबांच्या त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हाताऱ्याच्या तराफ्याला धरून काठापासून दीडेकशे मीटर आत गेले होते. तोंड काठाकडं करून परतीला लागले होते. म्हाताऱ्याचं ऐकायचं ठरवून एकदा मान वर केली. मायचं लाल लुगडं दिसलं आणि तिच्या शेजारी एक मोटारसायकल दिसली.

मान खाली, सहा हात. पुन्हा वर. दादा उतरला होता. त्याच्या हातात टिकावाचा दांडा.

सहा हात. वर. माय त्याच्यासमोर दोन्ही हात पसरून उभी.

ती काय म्हणाली हे तिनं पुढं सांगितलं. ती म्हणाली, "तिचे पाय तुला घावायचे न्हाईत. मोडायचेच असले तर ह्ये घे," आणि तिनं लुगडं घोट्यापासून वर धरलं. तो आधी हसला म्हणे.

सहा हात. वर. दांडा खांद्याच्या वर गेलेला.

मी पाण्यातच ओरडले. तोंडात पाणी गेलं. त्यानंतर मान वर केली तेव्हा लाल लुगडं उभं नव्हतं, जमिनीला आडवं पडलं होतं.

मला नाकात गेलेलं पाणी आठवत नाही, बुडणारे पाय आठवत नाहीत. दर सहाव्या हाताला मी मान वर करत होते आणि तो लाल ठिपका मोठा होत होता. मी एकदाही डावीकडं वळले नाही.

काठाला लागले तेव्हा दादा दांडा घेऊन तसाच उभा होता आणि खाली पडलेल्या आईकडं बघत होता, जणू दुसऱ्याच कुणी हे केलं होतं. मायच्या डाव्या नडगीचं हाड कातडीखाली भलतीकडं वळलं होतं. मी त्याच्या हातातला दांडा ओढला. त्यानं तो सोडला. सोडला, हे लिहायला हवं.

मग मी त्याला मारलं. पहिला उजव्या मनगटावर, त्याचा आवाज सुकी तुराटी मोडल्यासारखा झाला. दुसरा खांद्यावर, तिसऱ्याला तो पडला, चौथा पाठीवर, पाचवा पाठीवर. पहिले दोन रागाचे होते. पुढचे तीन मी मारले, कारण मला मारायला आवडत होतं. सहावा गुडघ्यावर येणार होता. माझी नजर तिथंच होती. तेवढ्यात माय चिखलातून ओरडली, "बास! पाय न्हाई!"

मी थांबले ते तिच्या आवाजानं. माझ्या तत्त्वांनी मला थांबवलं असं मी लिहिणार नाही.

म्हाताऱ्यानं तराफा सोडून रस्त्यावरनं टमटम बोलावली. मायला सरकारी दवाखान्यात नेलं. संध्याकाळी मी पोलीस ठाण्यात होते, तिथं अण्णा आले. हवालदार म्हणाले, "घरातलं घरात मिटवा की. सख्खा पोरगा हाय तुमचा."

अण्णा म्हणाले, "मिटवायला न्हाई आलो. लिहायला आलो." आणि त्यांनी खिशातून पेन काढला.

त्यांचं अक्षर मी जन्मापासून ओळखते. गोल, टपोरं, लांबून वाचता यावं असं. त्यांनी सगळं लिहिलं: ओठ, सायकल, धमकी, दांडा, नडगी. मुलाचं नाव लिहिताना पेन थांबला, मग चालला. त्यांनी कागद माझ्यापुढं सहीला सरकवला. मी वाचला आणि म्हणाले, "माझे पाच घाव राहिले यात."

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "ते नको बाई. केस कमजोर हुईल. आन तुझ्यावर बी गुन्हा दाखल हुईल. भरती कायमची गेली मंग."

"पत्रक वेगळं आणि घर वेगळं, अण्णा?"

मग अण्णांनी दुसरा कोरा कागद घेतला आणि पहिल्यापासून लिहायला सुरुवात केली. या वेळी पाचही घाव लिहिले, कुठं कुठं बसले तेही. मी सही केली. पोलिसाची वर्दी अंगावर चढायची शक्यता त्या सहीनं संपली.

यंदा आमचं घर उसाला गेलं नाही. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि एका पायावर अर्धा कोयताही होत नाही. माय प्लास्टरमधला पाय लांब करून धरणाच्या काठावर बसते. उभं राहता येत नाही म्हणून तिनं जुनं लाल लुगडं फाडून बांबूला बांधलंय. दर सहाव्या हाताला मी मान वर करते आणि ते फडकं बघते. परवा मनोऱ्यापर्यंत जाऊन परत आले. मला अजून मधूनच वाटतं की मान वर केल्यावर ते आडवं पडलेलं दिसेल.

दादा जामिनावर घरी आलाय. मनगट मोडलेल्या माणसाला साहेबांच्या गाडीत जागा नव्हती. तो पुढच्या खोलीत असतो. माय आत चुलीजवळ सरकत सरकत भाकरी करते, त्याचं ताट वाढते आणि माझ्याकडं देते, कारण ती उठू शकत नाही आणि अण्णा त्याच्या खोलीत जात नाहीत. ताट मी नेते. मी त्याला माफ केलेलं नाही. त्यानंही मला केलेलं नाही.

शर्यतीला तीन महिने राहिलेत. काल ताट ठेवताना तो खाली बघत म्हणाला, "हात बरा हुईल माझा कधी ना कधी."

"हुईल," मी म्हणाले.

पाण्याचा तांब्या मी त्याच्या डाव्या हाताला ठेवला आणि सायकल बाहेर काढली. धारूरचा घाट दोनदा चढायचा होता.